जग कोळसा सोडतंय, मग एकलहऱ्याचं थर्मल बंद होणार का? आयटीआय इलेक्ट्रिशियन सोडून दुसरा ट्रेड घ्यावा का?

वडील नाशिकजवळ एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रात, कंत्राटी कामाला आहेत आणि तुम्ही आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहात, हे प्रश्नात लिहिलंत ते बरं केलंत. त्यामुळे गोलगोल बोलायची गरज नाही. थर्मल लगेच बंद होत नाहीये, पण आहेत ते संच फार काळ टिकणारेही नाहीत. आणि ट्रेड अजिबात बदलू नका. मी सातपूरला स्विचगिअरच्या (वीज तोडण्या-जोडण्याच्या उपकरणांच्या) कारखान्यात टेस्टिंगला असतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे ओळखून पुढचं वाचा.

आधी एकलहऱ्याचं बघू. 1970-71 साली सुरू झालेले 140 मेगावॉटचे दोन संच कधीच मोडीत निघाले. आता जे आहेत ते 210 चे तीन, म्हणजे 630 मेगावॉट, आणि तेही 1979 ते 1981 मधले. जुन्यांच्या जागी 660 मेगावॉटचा नवा संच येणार, असं नाशिकरोडला दर निवडणुकीत ऐकू येतं. या केंद्राची खरी अडचण ग्लासगोच्या किंवा दुबईच्या हवामान परिषदेत नाही, ती रेल्वेच्या भाड्यात आहे. कोळसा विदर्भातून वॅगनने यायचा आणि इथे जळायचा. चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं केंद्र खाणींच्या उशाशी बसलंय. वीज घेताना आधी स्वस्त केंद्राची घ्यायची आणि मग महागाची, याला मेरिट ऑर्डर म्हणतात. त्या रांगेत म्हातारा आणि लांबचा संच मागेच राहणार.

त्यात आता दुपारचं ऊन आलं. 2010 च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला बारा रुपयांच्या आसपास होता. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याच्या लिलावात तो 2 रुपये 44 पैशांवर आला. म्हणजे दुपारी सौर वीज ग्रिडमध्ये भरते आणि थर्मलला लोड, म्हणजे वीजनिर्मिती, खाली घ्यायला सांगतात, अगदी 55 टक्क्यांपर्यंत. सूर्य कलला की तोच लोड पुन्हा वर. चाळीस वर्षांचा बॉयलर रोज असा तापवला-निववला की ट्यूब फुटतात. दुरुस्तीला संच बंद ठेवावा लागतो आणि खर्च वाढतो. वडिलांना विचारा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तरीही लगेच टाळं लागणार नाही असं का म्हणतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेच 2023 मध्ये वीज कंपन्यांना कळवलं, की 2030 पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका. कारण मागणी. 30 मे 2024 ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटला टेकली होती. बातमीत येतं की भारताची निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म इंधनाची (कोळसा, गॅस वगैरे सोडून) झाली. ते खरंच आहे, 2025 मध्ये तो टप्पा ओलांडला. पण स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष युनिट वेगळे. सौर पॅनल रात्री झोपतं. वर्षभराच्या युनिटांत अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कोळशाचाच आहे.

ब्रिटनचं उदाहरण व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरतं. जगातलं पहिलं सार्वजनिक कोळशाचं वीजकेंद्र 1882 साली लंडनमध्ये निघालं, आणि ब्रिटनमधलं शेवटचं, रॅटक्लिफचं, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. 2012 मध्ये त्यांची चाळीस टक्के वीज कोळशाची होती, म्हणजे बारा वर्षांत शून्य. कौतुक आहेच. पण त्यांच्याकडे गॅस होता, पवनचक्क्या उभ्या करायला उथळ समुद्र होता, आणि मुख्य म्हणजे त्यांची मागणी वाढत नव्हती. आपल्याकडे दर उन्हाळ्यात नवे एसी लागतात. चीन तर जगातला निम्म्याहून जास्त कोळसा एकटा जाळतो आणि सगळ्यात जास्त सौर पॅनलही तोच लावतो. तेव्हा ‘जग कोळसा सोडतंय’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. 2024 मध्ये जगाने वापरलेला कोळसा हा तोवरचा उच्चांक होता.

ब्रिटनकडून आपण एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. बंद करणार हे त्यांनी 2015 मध्येच जाहीर केलं. कामगारांना नऊ वर्षं आधी माहीत होतं. उलट दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचं वीजकेंद्र ऑक्टोबर 2022 मध्ये थांबवलं. वर्ल्ड बँकेचे 49 कोटी 70 लाख डॉलर मंजूर झाले, सौर, बॅटरी, प्रशिक्षण सगळं कागदावर होतं. पण ते उभं राहायच्या आत शेवटचा संच थांबला आणि आजूबाजूच्या वस्तीचा धंदा बसला. कायम नोकरीवाल्यांची दुसऱ्या केंद्रांवर बदली झाली, खरा फटका कंत्राटी माणसांना आणि टपरीवाल्यांना. एकलहऱ्याच्या बाबतीत मला भीती आहे ती याची. शेवटचा संच थांबेल त्याच्या किती वर्षं आधी कुणी तोंड उघडेल?

(केंद्र कोळशाचं असूनही न चालण्याचा नमुना आपल्या सिन्नरलाच आहे. 1350 मेगावॉट बांधून तयार, आणि वर्षानुवर्षं जवळपास बंद राहिलं. वीज विकत घ्यायचा करार नव्हता, कोळसा आणायची रेल्वेलाइन रखडलेली होती. त्याचं खापर सौर ऊर्जेवर फोडता येणार नाही.)

आता तुमच्या ट्रेडचं. एक गणित करू. 630 मेगावॉटचे संच सरासरी सत्तर टक्के चालतात असं धरा. सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीत साधारण वीस टक्के चालतो. मग तेवढेच युनिट काढायला सुमारे 2200 मेगावॉट सौर लागेल, आणि मेगावॉटला चार एकर म्हटलं तर जवळपास नऊ हजार एकर जमीन. एवढी सलग जमीन द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात कोण देणार? म्हणून ती तुकड्यांत होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेच चाललंय: गावच्या सबस्टेशनजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प आणि त्यावरून शेतीचे फीडर (वीजवाहिन्या). पाच-पाच मेगावॉटचे तुकडे धरले तर 2200 चे 440 ठिकाणी होतात. थर्मलमध्ये तीन जनरेटर होते. इथे प्रत्येक ठिकाणी इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण), मीटर, केबलचे जॉइंट. वीज कशापासूनही बनो, ती मधे तोडायला आणि जोडायला ब्रेकर लागतोच, आणि ते बनवणारे कारखाने अंबड, सातपूर, सिन्नरला आहेत. शिलापूरला सीपीआरआयची (केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेची) टेस्टिंग लॅबही आहे. नाशिकचं विजेतलं भांडवल चिमणीत नाही, इथे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. निफाड-दिंडोरीकडे रात्रीची लाइट आली की बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जावं लागतं. दिवसा वीज मिळाली तर त्याला हवामान परिषदेचं नावही माहीत असायची गरज नाही. आणि रात्रीसाठी साठवण लागेल. तिचा नमुना इगतपुरीच्या पलीकडे, घाटघरला, 2008 पासून चालू आहे: मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडून 250 मेगावॉट काढायची. असे प्रकल्प सह्याद्रीत आणखी येतील, आणि तिथेही इलेक्ट्रिशियन लागणारच.

तर ट्रेड तोच ठेवा. फक्त घरगुती वायरिंगवर थांबू नका, तिथे गर्दी आहे आणि पैसा कमी. वायरमन परवाना काढा. अप्रेंटिसशिप शक्यतो सबस्टेशनच्या किंवा स्विचगिअरच्या कामावर मिळवा. रिले टेस्टिंग आणि एचटी (उच्च दाबाच्या) केबलचं जॉइंटिंग हातात बसलं की माणूस रिकामा बसत नाही. सौरच्या नावाखाली नुसतं पॅनल चढवायला शिकवणाऱ्या महागड्या कोर्सला मात्र पैसे घालू नका. ते काम साइटवर आठवड्यात येतं आणि मजुरी मजुराचीच मिळते.

वडिलांसाठी एक काम आजच करा. त्यांचा यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर काढून पीएफचं पासबुक बघा, ठेकेदार बदलला त्या महिन्यांत भरणा झालाय का ते तपासा. हजेरीचा, पगाराचा जो कागद मिळेल त्याचे फोटो काढून ठेवा. ठेकेदाराने पगार थकवला तर कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या कंपनीवर, तो देण्याची जबाबदारी येते, पण त्यासाठी तिथे काम केल्याचा पुरावा लागतो. गेटपास जुना झाला म्हणून परत मागतात, तो देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.