नेपाळची बालवाडी आणि मामांची पॉलिसी

प्रश्न : वय २९. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे, हातात ३६ हजार येतात. नेपाळमध्ये पोखराजवळच्या एका बालवाडीत तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचंय. भिंती रंगवणं, मुलांची स्वच्छतागृहं दुरुस्त करणं, घसरगुंडी बसवणं असं काम आहे. पाठवणाऱ्या संस्थेची फी १ लाख ८५ हजार. त्यात राहणं, जेवण आणि व्हिसा सहाय्य, विमानभाडं वेगळं. या अनुभवावर पुढे परदेशात नोकरी मिळते, असं ते सांगतात. मामांकडून घेतलेल्या पॉलिसीत तीन वर्षांत २ लाख १६ हजार जमलेत. ते काढू की पर्सनल लोन घेऊ? बँकेत ४० हजार आहेत, महिना ५ हजारांची भिशी आहे. घरी आई-बाबा, बाबांची अँजिओप्लास्टी झाली आहे. – एक वाचक, शाहूपुरी

ते २ लाख १६ हजार जमलेले नाहीत. भरलेले आहेत. एन्डॉवमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली, हे बँकेचं पासबुक नव्हे. तीन हप्त्यांनंतर मोडली तर हमीची सरेंडर व्हॅल्यू साधारण ३५ टक्के, म्हणजे ७५ हजारांच्या आसपास. तुमची फी त्यातून निम्मीसुद्धा निघत नाही.

सोबत पाठवलेला कागद पाहिला. वर्षाला ७२ हजार, २० वर्षं, शेवटी बोनस धरून ‘अंदाजे’ २५ लाख, विमा १० लाखांचा. दोन महिन्यांचा पगार दरवर्षी जातो आणि परतावा पडतो ५ टक्के. तोही बोनस जाहीर होत राहिला तर. टॅक्स वाचतो म्हणून घेतली, असं तुम्ही लिहिता. अहो, नव्या कर पद्धतीत १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर लागत नाही. तुमचा वाचणार कुठला? मामा प्रेमाने चहाला आले असतील, पण पहिल्या वर्षीचं कमिशनही घेऊन गेले.

‘एवढं नुकसान सोसण्यापेक्षा चालू ठेव,’ हे घरी ऐकायला मिळेलच. मिळणारे ७५ हजार आणि पुढचे १७ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी साधारण २६ लाख होतात. म्हणजे १ लाख ४० हजारांवर पाणी सोडूनही तुम्ही मागे पडत नाही. पैसा मात्र पीपीएफमध्येही १५ वर्षं अडकतो. विम्याचं म्हणाल तर तुमच्या वयाला ५० लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, बचत नाही, वर्षाला ७-८ हजारांत येतो. पॉलिसी पेड-अप करता येते, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवता येते, पण मग रक्कम मुदत संपल्यावरच हाती येणार. तुम्हाला रोख हवी आहे. सरेंडर करा.

नेपाळसाठी नव्हे, बाबांसाठी.

पत्रात बाबांच्या हृदयाला तुम्ही अर्धी ओळ दिलीत, त्याचीच मला जास्त काळजी आहे. आरोग्य विम्याचा कुठे उल्लेखच नाही. पगार २१ हजारांच्या वर, म्हणजे ईएसआयसी, अर्थात कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेले आजार आणि यादीतली रुग्णालयं एवढ्यांपुरतेच. रात्री दोनला रिक्षावाला यादी बघून गाडी वळवत नाही. सरेंडरचे ७५ आणि बँकेतले ४०, असे १ लाख १५ हजार बाजूला ठेवा आणि हात लावू नका. वाचलेल्या हप्त्यातून आई-बाबांचा विमा बघा. बाबांमुळे हप्ता चढा लागेल, ४५-५० हजार धरा. हृदयाच्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील, एखादी कंपनी सरळ नकारही देईल. तीन-चार ठिकाणी विचारा. अँजिओप्लास्टी अर्जात लपवू नका. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढाच दिलासा.

आता नेपाळ. ‘व्हिसा सहाय्य’ वाचून मी दोनदा चष्मा पुसला. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानाने जायचं तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. जी संस्था न लागणाऱ्या गोष्टीची मदत फीत धरते, तिला एकच विचारा : १ लाख ८५ हजारांतले बालवाडीच्या हातात किती पडतात? लेखी उत्तर मागा. स्वच्छतागृह गवंडी बांधतो, नळ प्लंबर बसवतो. तुमचा हात हिशेबाचा आहे. ब्रश धरायला त्यांना कोल्हापूरहून माणूस कशाला? आणि तीन आठवडे भिंत रंगवल्याच्या प्रमाणपत्रावर अकाउंटंटला परदेशात नोकरी मिळत नाही. ती आशा आजच सोडा.

‘नेपाळ कशाला, गल्लीतली अंगणवाडी रंगवा’ असलं काही मी सांगणार नाही. तुम्हाला पोखरा बघायचंय, मुलांसाठी काही करायचंय, त्यात गैर काय? पर्सनल लोन मात्र नको. मुंबई-काठमांडू जाणं-येणं आणि तीन आठवडे साधं राहणं ६०-६५ हजारांत बसवता येतं. वर्षभराच्या भिशीचे तेवढेच होतात. तुमचा नंबर लागेपर्यंत एखाद्या शाळेशी थेट पत्रव्यवहार करा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. कदाचित हिशेबाच्या वह्या लावून देणारं माणूसच हवं असेल.

सरेंडरचा अर्ज शाखेत स्वतः जाऊन द्या, पोच घ्या. मामांच्या हाती देऊ नका.