अंतिम सामन्यात एक संघ मैदान सोडून गेला, तर चषक कोणाला द्यावा?

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या तालुका फुटबॉल क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ०-१ ने मागे असलेला संघ गोल अमान्य झाल्याच्या निषेधार्थ बाहेर गेला आणि परतला नाही, तर चषक मैदानावर थांबलेल्या संघालाच द्यावा. गोल झाला की नाही याबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो, असे फुटबॉलचा ५ वा नियम सांगतो. ७ व्या नियमानुसार अर्धवट राहिलेला सामना पुन्हा खेळवायचा असला, तरी स्पर्धेची नियमावली किंवा आयोजक वेगळा निर्णय घेऊ शकतात. नेमके असेच २०१९ मध्ये आफ्रिकेच्या क्लब अजिंक्यपदात घडले. दोन सामन्यांच्या अंतिम फेरीतील पहिला सामना १-१ बरोबरीत सुटल्यावर ट्युनिशियातील दुसऱ्या सामन्यात मोरोक्कोच्या विदाद संघाचा बरोबरीचा गोल नाकारला गेला, व्हिडिओ पडताळणीची यंत्रणा बंद असल्याचे कळताच त्याच्या खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला आणि पंचांनी ट्युनिशियाच्या एस्पेरांस संघाला विजयी ठरवले. आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाच्या कार्यकारी समितीने फेरसामन्याचा आदेश दिला, परंतु तो अधिकार तिला नव्हता म्हणून आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो आदेश रद्द केला, आणि अखेर विजेतेपद एस्पेरांसकडेच राहिले. म्हणूनच आपल्याकडेही निर्णय गावातील वजनदार मंडळींनी परस्पर न करता, नियमावलीने अधिकार दिलेल्या समितीनेच पंचाचा लेखी अहवाल पाहून द्यावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे, अंधार पडल्यामुळे किंवा पावसामुळे पंचानेच सामना थांबवला असेल, तर दोष संघाचा नसतो आणि फेरसामनाच न्याय्य ठरतो.