वाचकांचे प्रश्न : सांगलीच्या उन्हाळ्यात न्यूट कसे सांभाळावेत?

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी माझ्या मुलीला तिच्या मामांनी पुण्याहून लाल पोटाचे दोन चिनी न्यूट (पालीसारखे दिसणारे, पाण्यात राहणारे प्राणी) आणून दिले. टाकी वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत आहे आणि दुपारी पाणी ३० अंशांवर जाते. दोघेही चार दिवसांपासून काही खात नाहीत, सारखे काचेवर चढतात. एक तर परवा बाहेर पडलेला सापडला. पाण्यात बर्फ टाकावा काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बर्फ थेट टाकू नये, परंतु पाणी थंड करण्याचे काम आजच हाती घ्यावे. आपण वर्णन केलेली लक्षणे प्रामुख्याने उष्णतेची दिसतात. न्यूट हा बेडकासारखाच उभयचर असला तरी आपल्याकडच्या बेडकांची उष्णता सोसण्याची ताकद त्याच्यात नसते. भारतातले न्यूटसुद्धा पूर्व हिमालयाच्या गारव्यात राहतात; सह्याद्रीत ते आढळत नाहीत. आपल्या न्यूटना १६ ते २२ अंशांचे पाणी मानवते, २४ च्या पुढे त्रास सुरू होतो आणि ३० अंशांत ते फार दिवस तग धरत नाहीत. त्वचेवाटेही श्वास घेणाऱ्या या प्राण्याला, पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झाला की दुहेरी फटका बसतो.

टाकी प्रथम तळमजल्यावरच्या, ऊन न येणाऱ्या खोलीत, शक्य तर थेट फरशीवर ठेवावी. झाकण म्हणून बारीक जाळी घट्ट बसवावी आणि तिच्यावरून लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालील असा लावावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने, म्हणजे बाष्पीभवनाने, टाकीतले पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. मात्र हा उपाय कोरड्या हवेतच चांगला चालतो; वळवाचा पाऊस होऊन हवा दमट झाली की त्याचा उपयोग घटतो. शिवाय ३० मधून चार वजा केले तरी २६ उरतात, म्हणून केवळ पंख्यावर विसंबू नये. पाणी गोठवलेली, घट्ट बुचाची बाटली टाकीत तरंगत ठेवावी आणि तापमान काही तासांत हळूहळू उतरेल, एकदम कोसळणार नाही, याकडे लक्ष द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत रोज बाटल्या बदलत राहणे कोणालाच जमत नाही; खरा टिकाऊ मार्ग वातानुकूलित खोली किंवा टाकीला जोडायचा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) हाच आहे. तो खर्चिक आहे, हे प्राणी घरी आणण्यापूर्वीच सांगितले जायला हवे होते, याची खंत वाटते.

काचेवर चढण्यामागे दूषित पाणी हेही कारण असू शकते. नव्या टाकीत प्राण्यांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि पाणी जितके उष्ण, तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो. तोवर एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन औषधाने काढूनच ते वापरावे. स्पंजचा, मंद प्रवाहाचा फिल्टर पुरेसा आहे. वर येऊन बसायला एक दगड आणि लपायला कडा घासून गुळगुळीत केलेले खापर ठेवावे.

खाण्याची चिंता मात्र तूर्त बाजूला ठेवावी. धडधाकट प्रौढ न्यूट आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही. पाणी २२ पर्यंत उतरले की खत-औषध न पडलेल्या मातीतले गांडूळ धुऊन, बारीक तुकडे करून चिमट्याने पुढे धरावे.

मुलीला एक गोष्ट जरूर समजावून सांगावी : या न्यूटच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते, म्हणून त्यांना हाताळू नये आणि टाकीत हात घातल्यास साबणाने धुवावा. याच कारणास्तव त्यांच्यासोबत मासे ठेवू नयेत.

एवढे करूनही पाणी २४ च्या खाली राहत नसेल, तर मे महिना उजाडण्याआधी हे न्यूट, थंड टाकीची सोय असलेल्या जाणकाराकडे सोपवावेत. कृष्णेत किंवा एखाद्या ओढ्यात ते कदापि सोडू नयेत. उष्णतेने ते स्वतः मरतीलच, पण आशियाई न्यूटच्या त्वचेवर असू शकणारी, उभयचरांना घातक ठरणारी कायट्रिड बुरशी त्यांच्यामार्फत आपल्याकडच्या उभयचरांपर्यंत पोहोचू शकते. टाकीतून काढलेले पाणीही ओढ्यात ओतू नये.