वेकमुळे टर्बाइनच्या पात्यावरील तोटा वाढतो की कमी होतो?

तुमचा प्रश्न असा आहे, की आधीच्या ओळीतील पात्यांचे वेक नंतरच्या पात्यांवरून जाताना तेथील सीमास्तर, म्हणजे पृष्ठालगतचा हवेचा पातळ थर (बाउंडरी लेयर), वेळेआधीच प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळीचा (टर्ब्युलंट), करतात आणि प्रक्षुब्ध सीमास्तरात घर्षण जास्त असते. मग लो प्रेशर टर्बाइनची, म्हणजे जेट इंजिनातील शेवटच्या, कमी दाबाच्या टर्बाइनची, रचना करणारे अभियंते या वेकचा फायदा कसा करून घेतात? शंका रास्त आहे. तिचे उत्तर वेक पात्यावर असताना काय घडते यापेक्षा तो पुढे सरकल्यावर मागे काय उरते, यात अधिक आहे.

वेक म्हणजे पात्याच्या मागच्या कडेपासून निघणारा, मंदावलेल्या आणि घुसळलेल्या हवेचा पट्टा. स्थिर आणि फिरत्या ओळी एकमेकींसापेक्ष सरकत असल्याने नंतरच्या प्रत्येक पात्यावर असे पट्टे ठरावीक कालांतराने येत राहतात. टर्बाइनमध्ये ही मंद हवा पात्याच्या सक्शन बाजूकडे, म्हणजे कमी दाबाच्या बाजूकडे, ढकलली जाते, तर कॉम्प्रेसरमध्ये प्रेशर बाजूकडे, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूकडे. वेकमधील खळबळ सीमास्तरात शिरली, की छोट्या लाटा सावकाश वाढत जाण्याची नेहमीची पायरी वगळली जाते आणि स्तरीय, म्हणजे गुळगुळीत थरांत वाहणाऱ्या (लॅमिनार), प्रवाहात थेट प्रक्षुब्ध ठिपके उमटतात. एमन्स यांनी या ठिपक्यांची कल्पना १९५१ मध्ये मांडली होती.

शुबाउअर आणि क्लेबानॉफ यांनी सपाट पृष्ठावर केलेल्या मोजमापांनुसार ठिपक्याचे पुढचे टोक बाह्य प्रवाहाच्या वेगाच्या सुमारे ०.८८ पट, तर मागचे टोक सुमारे ०.५ पट वेगाने सरकते. त्यामागे एक शांत पट्टा येतो, ज्याचे शेवटचे टोक सुमारे ०.३ पट वेगाने जाते. या पट्ट्यातला प्रवाह पुन्हा स्तरीय होत असतो, पण पृष्ठाजवळची हवा अजून वेगवान असते. त्यामुळे तो पृष्ठापासून सहज सुटत नाही, त्यात नवे ठिपके सहसा जन्मत नाहीत आणि तोटाही प्रक्षुब्ध भागापेक्षा कमी असतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. बाह्य वेग सेकंदाला ५० मीटर धरा आणि ठिपका जन्मला तेथून १० सेंटिमीटर पुढे उभे राहा. ठिपका तेथे २.३ मिलिसेकंदांनी पोहोचेल आणि ४ मिलिसेकंदांनी ओलांडून जाईल; शांत पट्टा मात्र ६.७ मिलिसेकंदांपर्यंत टिकेल. म्हणजे खळबळ १.७ मिलिसेकंद, तर शांतता २.७. दर ५ मिलिसेकंदांनी एक वेक येत असेल, तर पुढचा ठिपका येईपर्यंत जेमतेम ०.६ मिलिसेकंद हा बिंदू असंरक्षित राहतो. आता वेक दर २.५ मिलिसेकंदांनी आणा: पुढचा ठिपका शांत पट्टा अर्धाही सरायच्या आत येऊन धडकतो आणि जवळपास ७० टक्के वेळ पृष्ठ प्रक्षुब्धच राहते. म्हणून वेक किती वेळाने येतात यावर तोटा की फायदा हे बरेचसे ठरते. (खऱ्या पात्यावर दाब बदलत असल्याने हे गुणोत्तर तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज यायला पुरेसे आहे.)

लो प्रेशर टर्बाइनमध्ये याचे मोल वाढते, कारण तेथे रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाच्या जडत्वाचे त्याच्या चिकटपणाशी असलेले गुणोत्तर) साधारण ५०,००० ते ५,००,००० एवढाच असतो आणि उंचावरील उड्डाणात तो खालच्या टोकाकडे झुकतो. वेक नसतील तर सक्शन बाजूच्या मागच्या भागात, जेथे प्रवाह मंदावत जातो, तेथे स्तरीय सीमास्तर पृष्ठापासून सुटतो आणि त्याखाली घोटाळणाऱ्या हवेचा मोठा बुडबुडा तयार होतो. येणारा प्रत्येक वेक तो बुडबुडा मोडतो आणि मागचा शांत पट्टा त्याला काही काळ पुन्हा उभा राहू देत नाही. याच आधारावर प्रत्येक पात्यावरचा भार वाढवून पात्यांची संख्या आणि वजन कमी करता आले. स्थिर प्रवाहातल्या चाचणीत अशी पाती कदाचित नापासच ठरली असती.

विंड टनेलमध्ये वेक निर्माण करणाऱ्या सरकत्या सळ्यांमागे ठेवलेल्या पात्यावरच्या हॉट फिल्मचा (पृष्ठावरील घर्षण टिपणाऱ्या तापलेल्या पातळ संवेदकाचा) आलेख मी प्रथम पाहिला, तेव्हा हे डोळ्यांत भरले: आधी खाली रेंगाळणारी रेषा, मग एकाएकी वर उसळलेली दातेरी झुंबड आणि त्यानंतर एकही दाता नसलेला, सावकाश उतरणारा गुळगुळीत उतार. तो उतार हाच शांत पट्टा.

मात्र रेनॉल्ड्स अंक मोठा असेल आणि प्रवाह मुळात सुटतच नसेल, तर वेकमुळे फक्त घर्षण वाढते. तेथे तुमची शंका खरी ठरते. आणि तुम्ही मिक्सिंग प्लेन (दोन ओळींमधली, प्रवाहाची सरासरी काढणारी सीमा) वापरून संगणकावर स्थिर गणना करत असाल, तर वेक सीमेवरच सरासरीत विरघळून जातात, त्यामुळे त्या गणनेत हा परिणाम दिसणारच नाही. संक्रमणाचे, म्हणजे स्तरीय प्रवाह प्रक्षुब्ध होण्याचे, प्रारूप जोडून काळानुसार बदलणाऱ्या प्रवाहाची गणना करा आणि पृष्ठावरील घर्षणाचा अंतर आणि काळ असा दुहेरी नकाशा काढून बघा. ठिपक्यांमागचे शांत पट्टे त्यात तिरप्या पाचरींसारखे वेगळे ओळखू येतील.