वहिनीला आठवा महिना, बीपी वाढलंय आणि सकाळपासून दिसेनासं झालंय. नजर परत येईल का?

बहुतेकींची येते, पण तिला आत्ता हलवा, उद्यावर टाकू नका. अशा वेळी डोळ्यांचा पडदाही सरकू शकतो, पण बऱ्याचदा डोळे ठीक असतात आणि बिघाड मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रात असतो. रक्तदाब एकदम चढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून सूज येते. डॉक्टर याला ‘प्रेस’ म्हणतात, एमआरआयमध्ये ते दिसतं. रक्तदाब वेळेत उतरवला तर सूज ओसरते, नजर सहसा काही दिवसांत परतते. उशीर झाला तर झटके येतात, मेंदूत रक्तस्रावही होतो.

तुम्ही देवगडकडे असाल, तर ओरोसचं सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालय लांब पडतं. 108 बोलवा, जवळच्या आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस मिळेल का विचारा. दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅमचं इंजेक्शन असतं. दुखतं फार, पण झटके तेच रोखतं. वाटेत झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवत बसू नका. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण गाडी निघाल्यावर.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी अंगावर काढू देऊ नका.