बीपीची गोळी घेतली तर गाठ परत येईल का?

पट्टीतल्या दहाही गोळ्या जागच्या जागी होत्या. अ‍ॅम्लोडिपीन, बीपीची गोळी, पाच मिलिग्रॅम, दोन महिन्यांपूर्वी लिहून दिलेली आणि तेव्हापासून पर्समध्ये चिठ्ठीत गुंडाळून ठेवलेली. ताईंचं वय 58. चार वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब (काही प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगावरचं इंजेक्शन, त्यानं हृदयाचं पंपिंग घटू शकतं) असं सगळं पार पडलं आणि आता रोज लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी चालू आहे. दवाखान्यात बीपी दोनदा 156/94 च्या आसपास निघालं. त्यांचा प्रश्न सरळ होता: "एक दुखणं निस्तरून बसलेय, या गोळीनं तेच परत येणार असेल तर कशाला घेऊ?" (ओळख पटू नये म्हणून इथे काही जणींचे तपशील एकत्र केले आहेत.)

ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत सिएटल परिसरातल्या 55 ते 74 वयाच्या स्त्रियांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅम्लोडिपीनच्या गटातली औषधं दहा वर्षांहून जास्त घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे अडीच पट दिसली होती. ती बातमी आजही फिरते. त्यानंतर याहून मोठ्या पाहण्या झाल्या आणि त्यांत हा संबंध टिकला नाही, हे मात्र फारसं पोचत नाही. शिवाय तो अभ्यास पहिल्यांदा होणाऱ्या कर्करोगाबद्दल होता, बऱ्या झालेल्या रोगाच्या परतण्याबद्दल नव्हता.

इतर गोळ्यांबद्दलही अशीच धास्ती असते. 2018 मध्ये वल्सार्टनच्या काही बॅचेस बाजारातून परत घेतल्या गेल्या, कारण कच्चा माल बनवताना त्यात कर्करोगकारक अशुद्धी आली होती. दोष बनवण्यात होता, औषधात नव्हता. स्पायरोनोलॅक्टोननं पुरुषांची छाती सुजते म्हणून बायका घाबरतात, पण 55 वर्षांवरच्या स्त्रियांच्या मोठ्या ब्रिटिश पाहणीत कर्करोग वाढलेला दिसला नाही.

गोळीला घाबरून बीपी तसंच सोडणं हा यातला खरा धोका आहे. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोनं हृदयाचा स्नायू आधीच थकलेला असू शकतो. त्यावर वाढलेल्या बीपीचा भार पडला की हृदय निकामी होण्याची जोखीम चांगलीच वाढते. म्हणून "कोणती गोळी कॅन्सर आणत नाही?" यापेक्षा "माझ्या उपचारांनी मागे काय ठेवलंय?" हे डॉक्टरांना विचारावं. औषध त्यावरून ठरतं.

ताईंच्या फायलीत इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, तीन रिपोर्ट होते. ट्रॅस्टुझुमॅबच्या आधी हृदयाचं पंपिंग 63 टक्के, मध्ये 51, तेव्हा काही आठवडे औषध थांबवलेलं, आणि शेवटी 57. बीपीची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हे आकडे पाहिलेच नव्हते, कारण फाईल घरी कपाटात होती! पंपिंग एकदा घसरलेलं असेल तर हृदयालाही आधार देणारी औषधं आधी विचारात येतात: रामिप्रिल किंवा एनालाप्रिलचा गट, टेल्मिसार्टनसारखी सार्टन औषधं, गरजेप्रमाणे कार्व्हेडिलॉल. अ‍ॅम्लोडिपीन वाईट औषध नाही. पण त्यानं पायाला सूज येऊ शकते, आणि काखेतल्या लसिकागाठी काढल्यामुळे हात सुजत असेल तर ही नवी सूज कशाची, याचा गोंधळ होतो.

औषध ठरण्याआधी बीपी नीट मोजलं. ताई घरी मशीन डाव्या हाताला लावत होत्या, पाय पलंगावरून लोंबकळत ठेवून, मुलीशी बोलत. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, तळवे जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको आणि मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा चढतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरी 135/85 किंवा वर आली तर बीपी खरंच जास्त. हात ऑपरेशन न झालेल्या बाजूचा घ्यावा. कुणी घाईत दुसऱ्या हातावर एकदा मोजलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

ताईंची सरासरी 146/90 आली. पण त्यातही एक गोष्ट दडलेली होती. लेट्रोझोलनं सांधे धरतात म्हणून त्या रोज आयबुप्रोफेन घेत होत्या, "ती काय, साधी दुखण्याची गोळी" म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि त्यावरच्या औषधाचा जोर मोडतात. सार्टन किंवा रामिप्रिल आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला आल्या तर मूत्रपिंडालाही धक्का बसतो. हॉट फ्लॅशेससाठी (अचानक अंग तापून घाम फुटणं) दिलेल्या व्हेन्लाफॅक्सिननंही बीपी वाढू शकतं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी घेणाऱ्यांना एवढं सांगावं लागतं की बीपीच्या नेहमीच्या गोळ्या त्याच्या आड येत नाहीत. आड येतात त्या पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या. पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब या कर्करोगावरच्या गोळ्या चालू असतील तर डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या बीपीच्या गोळ्यांबद्दल आधी विचारावं.

रामिप्रिल सुरू झालं आणि पाचव्या आठवड्यात ताईंचा फोन आला. आवाज बसलेला. "कोरडा खोकला आहे. फुप्फुसात गेलं असेल ना?" हा क्षण फार अवघड असतो. रामिप्रिलच्या गटानं काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला होतो, गाठीशी त्याचा संबंध नसतो. तरी गोळी आपणहून न थांबवता डॉक्टरांना दाखवावं, आणि धाप लागत असेल किंवा रक्त पडत असेल तर त्याच दिवशी. ताईंना टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅमवर नेलं. गोळी बदलल्यावर खोकला जायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. त्यांचा तिसऱ्या आठवड्यात गेला. दहा दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासलं, दोन्ही ठीक निघालं. सांध्यांसाठी रोजचं चालणं सुरू झालं आणि आयबुप्रोफेन बंद झालं. दोन महिन्यांनी घरची सरासरी 128/78 होती.

पर्समधल्या पट्टीच्या जागी आता एक कार्ड असतं: डाव्या हाताला बीपी आणि सुई नको, डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा 240 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, इको 63, 51, 57, रामिप्रिलनं खोकला, रोजच्या गोळ्या, दुखण्याच्या धरून.