ब्लास्फेमीला मराठीत काय म्हणायचं? ईशनिंदा, धर्मनिंदा की आणि काय

प्रश्न आलाय कोल्हापुरातल्याच एका लॉच्या विद्यार्थिनीचा. वादविवाद स्पर्धेत विषय मिळालाय "ईशनिंदा कायदे रद्द झाले पाहिजेत". सर म्हणतात ईशनिंदा नको, धर्मनिंदा म्हण. मैत्रीण म्हणते सरळ ब्लास्फेमी म्हण, सगळ्यांना कळतं. आणि परीक्षक जुने वकील आहेत, ते शब्दावरनं मार्क कापतात म्हणे. तर बरोबर शब्द कुठला, आणि आपल्याकडं असला कायदा आहे का.

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो. पोटभर बोलायचं असेल तर ब्लास्फेमीच म्हणा, मराठीच पाहिजे असेल तर धर्मनिंदा चालेल, ईशनिंदा टाळा, आणि आपल्या भारतातल्या कलमाला यातलं काहीच म्हणू नका. कारणं खाली देतो, जरा लांबड लागणार आहे. मी काय भाषेचा प्राध्यापक नाही, सीपीआर दवाखान्याजवळ जुन्या कोर्टाच्या बाजूला बावीस वर्षं टायपिंग करतोय, आधी मशीनवर आता कॉम्प्युटरवर, त्यामुळं माझ्याकडं शब्द पुस्तकातनं कमी आणि लोकांच्या अर्जातनं जास्त आलेत.

ईशनिंदा हा शब्द आपल्याकडं बातम्यांतनं आलाय, आणि बातम्या बहुतेक पाकिस्तानच्या असतात. आता गंमत बघा. ईश म्हणजे देव, ईश्वर. पण पाकिस्तानातलं जे कलम सगळ्यात जास्त गाजतं, ते २९५-क म्हणजे इंग्रजीतला २९५ सी, ते देवाबद्दल नाहीच आहे. ते प्रेषितांच्या अवमानाबद्दल आहे, १९८६ ला घातलेलं, आणि १९९० मध्ये तिथल्या शरियत कोर्टानं ठरवलं की याला फाशीच, जन्मठेपेचा पर्याय नाही. त्याच्या आधीचं २९५ बी १९८२ चं, ते कुराणाच्या विटंबनेबद्दल. उर्दूत याला म्हणतात तौहीन-ए-रिसालत, रिसालत म्हणजे प्रेषितपण, म्हणजे त्यांचा शब्द एकदम नेमका आहे आणि आपण त्याचं भाषांतर करताना प्रेषिताला काढून तिथं ईश बसवला. ज्याच्या त्याच्या धर्मात देव आणि प्रेषित ही गल्लत किती मोठी आहे हे मी सांगायला नको. म्हणून म्हटलं ईशनिंदा टाळा, परीक्षकांनी पकडलं तर उत्तर नाही तुमच्याकडं.

आता निंदा. मराठीत निंदा ही माणसाची, तीही बहुतेक पाठीमागं. निंदानालस्ती म्हणतो आपण, चार बायका नळावर किंवा चार बाप्ये पारावर बसून करतात ती. निंदकाचे घर असावे शेजारी असं म्हणणारी भाषा आहे ही, म्हणजे निंदकाला पोलिसात द्या असं नाही तर शेजारी घर द्या असं. (विदर्भातला कुणी वाचत असेल तर त्याला निंदण आठवेल, शेतातलं तण काढणं, आपण त्याला भांगलण म्हणतो, पण त्या शब्दाचा या निंदेशी संबंध लावू नका.)

आणि देवाची निंदा? अहो, आपल्यात देवाला अरे-तुरे करायची, शिव्या घालायची रीत जुनी आहे. जनाबाईनं विठोबाला जे सुनावलंय ते आज कुणी नवीन लिहून स्टेटसला ठेवलं तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडं दोन-तीन अर्ज टाईप करायला येतील. आणि शिशुपाल आहेच. भर यज्ञात कृष्णाला शिव्या घालतोय, कृष्ण मोजतोय, आत्याला शब्द दिलाय की शंभर अपराध पोटात घालीन. शंभर झाल्यावर चक्र सोडलं, पण शेवटी त्याचं तेज गेलं कुठं तर कृष्णातच. म्हणजे शिक्षा झाली पण नरक नाही. "शंभरी भरली" म्हणतो आपण, आमच्या गल्लीत तर उसाची बिलं थकवणाऱ्यालाही म्हणतात. तर देवाबद्दल वाईट बोलणं हा देवाविरुद्धचा गुन्हा आणि त्याची फिर्याद राजाकडं, ही मांडणीच आपल्या भाषेत नीट बसलेली नाही, म्हणून त्याला एक ठाम शब्द नाही. असं माझं मत, चूक असेल तर सांगा.

पाखंड म्हणाल तर तो वेगळाच किस्सा. आज पाखंडी म्हणजे ढोंगी नाहीतर धर्म न मानणारा, शिवीच. पण अशोकाच्या लेखात पासंड म्हणजे नुसता पंथ, संप्रदाय, चांगला-वाईट काही नाही. गिरनारच्या बाराव्या लेखात तो सांगतो की आपल्या पंथाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा करू नये, आणि त्यासाठी शब्द वापरतो वचिगुती, म्हणजे वाचेला आवर. इसवीसनापूर्वी तिसरं शतक. शिक्षा किती, दंड किती, काही नाही त्यात, सल्ला आहे. आणि ज्या शब्दानं तो सगळ्या पंथांना मान द्या म्हणाला तोच शब्द पुढं शिवी झाला. तुमच्या भाषणात ही सुरुवात घ्या, टाळी पक्की.

ब्लास्फेमीच्या मूळ ग्रीक शब्दाचं म्हणाल तर त्यातला दुसरा भाग म्हणजे बोलणं, आणि पहिल्या भागाबद्दल पंडितांचं एकमत नाही, नुकसान-इजा असा काहीसा अर्थ लावतात. ग्रीकमध्ये तो आधी कुणाबद्दलही वाईट बोलण्याला होता, देवाला नंतर चिकटला. इंग्रजीतला ब्लेम म्हणजे त्याच शब्दाचं झिजून झिजून राहिलेलं पोर. आता मराठी बायबलात ब्लास्फेमीला काय शब्द आहे सांगा बघू? दुर्भाषण. वाईट बोलणं! ज्यानं कुणी केला त्यानं ग्रीकच्या इतका जवळ जाणारा शब्द घडवलाय की हात जोडावेत. कोल्हापुरात मिशनरी १८५२ पासून आहेत, वायल्डर साहेब आला तेव्हापासून, आणि माझा एक दोस्त चर्चला जाणारा आहे त्याच्या तोंडात हा शब्द सहज येतो, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं शिवीगाळीबद्दल बोलतोय. पण तुमच्या स्पर्धेत नाही चालायचा, समजावून सांगण्यातच दोन मिनिटं जातील.

माझा आवडता शब्द मात्र विटंबना. पुतळ्याची विटंबना, ग्रंथाची विटंबना, हे शब्द आले की गावात दुकानांची शटर खाली येतात. आणि विडंबन म्हटलं की लोक हसायला बसतात. दोन्ही एकाच घरातले, संस्कृत विडंबन, म्हणजे नक्कल, थट्टा. एक ड तसाच राहिला आणि त्याची कविता झाली, एकाचा ट झाला आणि त्याचा गुन्हा झाला. तुमचा सगळा वादविवाद खरं तर या ड आणि ट मध्येच आहे, थट्टा कुठं संपते आणि अवमान कुठं सुरू होतो. पंजाबात याच अर्थाला बेअदबी म्हणतात, ग्रंथाच्या बेअदबीला जन्मठेप करणारं बिल २०१८ ला त्यांच्या विधानसभेनं पास केलं होतं. मराठीतही बेअदबी आहे, पण आपल्याकडं ती दरबारातली, मुजरा नीट केला नाही तर.

आता आपलं कलम. २९५ अ, इंग्रजांनी १९२७ ला घातलं. लाहोरला एका पुस्तिकेवरनं खटला झाला, हायकोर्टानं प्रकाशकाला सोडलं कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं, मग दंगलीची भीती, मग हे नवीन कलम. प्रकाशकाचा खून पुढं १९२९ ला झालाच. हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ नंबरला आहे, १ जुलै २०२४ पासून, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे सगळी संहिता बदलली, नाव बदललं, नंबर बदलला, पण हे कलम काढलं नाही, जवळजवळ आहे तसं उचलून नव्या घरात ठेवलं. आणि यात देव कुठंही नाही. यात आहे कुठल्यातरी वर्गाच्या धार्मिक भावना. देवाला इजा झाली असं कायदा म्हणतच नाही, माणसाला झाली म्हणतो. म्हणून याला ईशनिंदा कायदा म्हणू नका, धर्मनिंदा पण नको. "धार्मिक भावना दुखावण्याचं कलम" म्हणा, लांब आहे पण खरं आहे.

त्यातही एक मेख आहे, परीक्षक वकील असतील तर खूष होतील. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. जुन्या २९८ मध्ये (आता ३०२) भावनेला जखम करणं आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. २९५ अ मध्ये आहे आउटरेज, म्हणजे नुसतं दुखावणं नाही, पार भडका उडेल, चीड येईल असं करणं, तेही हेतुपुरस्सर आणि दुष्टाव्यानं. सुप्रीम कोर्टानं १९५७ ला हे कलम वैध ठरवताना हेच धरलं की साधा अवमान पुरेसा नाही, त्याचं जे चढलेलं रूप आहे तेवढंच यात येतं. पण मराठीत आपण दोन्हीला काय म्हणतो? दुखावल्या. भावना दुखावल्या. डोकं दुखावं तसं. एका मऊ शब्दात दोन कलमं घालून टाकली आणि त्यातलं २९५ अ (आता २९९) दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात.

माझ्या टेबलावरचंच सांगतो. मागं एकदा एक गृहस्थ आले, मोबाईलवर कुणीतरी फॉरवर्ड केलेला फोटो, त्यावर तक्रार द्यायची होती. म्हणाले लिहा, "समस्त समाजाच्या भावना दुखावल्या आहेत." मी टाईप करता करता विचारलं, आणखी कुणाकुणाला दाखवलं हे? म्हणाले, अजून कुणाला नाही, थेट तुमच्याकडंच आलोय. मग समस्त कसं म्हणायचं? जरा विचार केला आणि म्हणाले, माझ्या तर दुखावल्यात की. मी "अर्जदाराच्या भावना" असं केलं. प्रिंट वाचून बघितली, चष्मा वर केला, "एवढ्यानं काय होणार ओ, समस्तच टाका." टाकलं. माझं काम टाईप करायचं.

हे मला पुढं आयर्लंडचं वाचताना आठवलं. तिथं १९३७ च्या घटनेतच ब्लास्फेमी हा गुन्हा असावा असं लिहिलेलं, २००९ ला त्यांनी त्यासाठी कायदा केला, दंड २५,००० युरोपर्यंत, पण अट घातली की त्या धर्माच्या बऱ्याच मोठ्या संख्येनं लोकांना चीड आली पाहिजे. २०१५ मध्ये स्टीफन फ्राय नावाचा नट टीव्हीवर देवाबद्दल तिखट बोलला, तक्रार झाली, २०१७ ला पोलिसांनी चौकशी केली आणि फाईल बंद केली, कारण चीड आलेले पुरेसे लोक सापडेनात. समस्त सापडलं नाही त्यांना! ऑक्टोबर २०१८ ला सार्वमत घेतलं, जवळजवळ ६५ टक्के लोकांनी तो शब्द घटनेतनं काढा म्हणून मत दिलं. बघा, तिथं लोकांनी मत दिलं ते खरं तर एका शब्दावर.

इंग्लंडचा सरळ देवधर्माचाच कायदा होता, आणि तोही फक्त त्यांच्या चर्चपुरता. १९९० ला मुस्लिम फिर्यादी एका कादंबरीविरुद्ध कोर्टात गेले तर कोर्ट म्हणालं हा तुमच्यासाठी नाही. २००८ ला तो रद्द झाला. डेन्मार्कचं मला जास्त मजेशीर वाटतं, २०१७ ला त्यांनी ब्लास्फेमीचं कलम काढलं आणि २०२३ च्या डिसेंबरात धर्मग्रंथ जाहीर जाळण्या-फाडण्याविरुद्ध नवीन कायदा आणला, दोन वर्षांपर्यंत कैद. आता मराठीत सांगायचं तर निंदा काढली आणि विटंबना आणली. तुम्ही "रद्द करा" बाजूनं बोलणार असाल तर समोरचा हेच उदाहरण फेकणार, तयारी ठेवा. आणि पाकिस्तानात रद्द सोडा, दुरुस्ती म्हणणंही महागात पडलं, ब्लास्फेमीच्या आरोपात फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबीच्या बाजूनं बोलणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं, मार्चमध्ये मंत्री शाहबाज भट्टी यांना. आसिया बीबी सुटली ती ऑक्टोबर २०१८ ला, आठ वर्षं फाशीच्या सावलीत काढून. तिथं कायद्याबद्दल बोलणं हेच दुर्भाषण धरलं जातं.

आपल्या कोल्हापूरचं म्हणाल तर जून २०२३ विसरला नसाल, मोबाईलच्या स्टेटसवरनं बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. माझं तर दुकानच बंद होतं. त्या आठवड्यात मी ईशनिंदा शब्द एकदाही ऐकला नाही, कुणाच्या तोंडून नाही. ऐकला तो "आक्षेपार्ह". आणि हा शब्द बघा किती गुळगुळीत आहे, आक्षेप घेण्याजोगा, बास. कुणी घेतला, कशाला घेतला, काही नाही त्यात. पेपरला सोयीचा कारण मूळ काय होतं ते छापावं लागत नाही. २०१७ ला अंबाबाईला घागरा-चोळी नेसवल्यावरनं जे आंदोलन उठलं तेव्हाही तेच, देवीच्या बाजूनं पेटलेलं पण ओठावर शब्द भक्तांच्या भावनांचा.

तर ताई, विषयपत्रिकेवर ईशनिंदा छापलेलंच असेल तर पहिल्या मिनिटात सांगून टाका की मी हा शब्द विषयात आहे म्हणून घेते, पण यात देव, प्रेषित, धर्म आणि माणसाच्या भावना अशी चार वेगळी प्रकरणं एका पिशवीत कोंबलीत. बाजूनं बोलताय की विरोधात ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळलं तर अजून दोन शब्द सुचवीन. आणि लिहिताना ई दीर्घ, परवा एका बॅनरवर इशनिंदा बघितलं.